फुल्यांच्या जागी रेघा

आमच्या कामात एक साधा नियम असतो. नट वाक्य विसरून जिथे अडकतो, तिथे प्रॉम्प्टरने वहीत पेन्सिलने फुली मारायची. तो मुद्दाम थांबतो, तिथे उभी रेघ ओढायची. विराम लहान असेल तर एक, मोठा असेल तर दोन, फारच लांबला तर तीन. पुढच्या प्रयोगाला फुली आली की जीभ तयार ठेवायची आणि रेघ आली की शब्द गिळून टाकायचा. सकाळी दिग्दर्शक वही मागून घेतात आणि ज्याच्या नावावर फुल्या जास्त, त्याची हजेरी घेतात.

१९३८ च्या हिवाळ्यात सेव्हेरीन ब्रेम्स्नेसबाईंच्या वाक्यांसमोर मी निदान वीस फुल्या मारायला हव्या होत्या. मी एकही मारली नाही.

बाई मूळच्या आमच्याच गावच्या, क्रिस्तियानसुनच्या. त्यांची आई मासळीच्या वाळवणावर कामाला होती. खारवलेला कॉड उघड्या कातळावर पसरायचा, त्याला ऊन-वारा दाखवायचा आणि पाऊस यायच्या आत गोळा करून, ढीग रचून, वर लाकडी टोपण ठेवायचं. एक सर आली तरी आठवड्याच्या कष्टाची माती. म्हणून ढग दाटले की मुकादम हात वर करायचा आणि कातळावरच्या सगळ्या बायका होत्या तिथे गप्प उभ्या राहायच्या, तोंडं आभाळाकडे करून. येतोय की जातोय? मग मुकादमाची हाक यायची आणि एकच पळापळ व्हायची. सात वर्षांची सेव्हेरीन त्या बायकांत उभी असे. गप्प राहायला आपण तिथे शिकलो, असं बाई सांगायच्या. "बोलायला काय, कुणीही शिकवतं गं," त्या म्हणायच्या. "थांबायला आभाळच लागतं."

विसाव्या वर्षी त्या एका फिरत्या नाटकमंडळीबरोबर आगबोटीत चढल्या. पहिली तीन वर्षं कॉफीचा ट्रे घेऊन आत यायचं आणि रिकामा ट्रे घेऊन बाहेर जायचं, एवढीच भूमिका. पुढे राजधानीत त्यांना पाद्र्याच्या बायकोचं काम मिळालं. नवरा विचारतो, तू सुखी आहेस ना? हो म्हणायच्या आधी बाई इतका वेळ थांबल्या की गॅलरीत एक माणूस उभा राहिला, असं म्हणतात. त्या दिवसापासून लोक त्यांची वाक्यं ऐकायला कमी आणि थांबणं बघायला जास्त येऊ लागले. एका नव्या प्रॉम्प्टरला वाटलं, बाई विसरल्या. त्याने विरामाच्या मधोमध शब्द फुंकला. पडदा पडल्यावर बाई खाली उतरल्या आणि हातमोजा काढून त्याच्या थोबाडीत दिली. खरं-खोटं देव जाणे, पण नॉर्वेत प्रॉम्प्टरच्या पेटीत बसणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ असते. त्यांच्या विरामात श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही.

साठीला टेकल्यावर बाईंनी आपण होऊन आमच्या नाट्यगृहाला पत्र लिहिलं. रंगमंचावर आल्याला फेब्रुवारीत चाळीस वर्षं होतात, तो सोहळा मला माझ्या गावात करायचाय. आमच्याकडे ही रीतच आहे. सोहळ्याच्या दिवशी नटाने आपल्या आवडीची भूमिका करायची, मग पडदा पुन्हा वर जातो, तारा वाचतात, भाषणं होतात, गळ्यात पानांचा हार पडतो आणि शेवटी नट स्वतः उभा राहून आभार मानतो. आमचे दिग्दर्शक बिर्केलुंड पत्र हातात घेऊन तिकीट खिडकीपर्यंत धावत गेले होते. बाईंनी जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या एका वाटाड्याच्या विधवेची भूमिका निवडली. जानेवारीच्या शेवटी प्रयोग सुरू व्हायचे आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी सोहळा.

माझी पेटी रंगमंचाच्या काठावर मधोमध. खालून शिडीने चढायचं. डोकं तेवढं वर, मागे प्रेक्षकांच्या बाजूला पत्र्याचं झाकण. तिथून मला सगळ्यात जवळ दिसायचे ते बाईंचे बूट आणि मान उचलली की त्यांचे डोळे. दुसऱ्याच तालमीला मी ते डोळे पाहिले आणि मला कळलं. थांबलेल्या माणसाचे डोळे कुठेतरी बघत असतात. त्यांचे काहीच बघत नव्हते. मी शब्द दिला. त्यांनी तो असा अलगद उचलला की समोर बसलेल्या बिर्केलुंडना वाटलं, बाई नवीन काहीतरी करून बघताहेत.

तालीम संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. साखरेचा खडा दातांत धरून त्या बशीतून कॉफी पीत होत्या, आमच्याकडच्या जुन्या बायका पितात तशी.

"किती फुल्या मारल्यास?"

मी म्हटलं, अजून एकही नाही.

"मग नको ना मारूस." राजधानी गाजवलेली बाई, पण आवाज असा, की शाळेतल्या पोरीने पाटी मोडल्यावर काढावा. "माझी आई याच कातळावर वाकून वाकून गेली, पोरी. तिने मला नाटकात कधी पाहिलं नाही. मला तो एक शनिवार इथे उभं राहायचंय, बास. रविवारी माझं नाव विसरले तरी चालेल."

मी हो म्हटलं. माझा एस्किल तेव्हा चौदा महिन्यांचा. त्याला शेजारच्या मालेनाकाकूंकडे ठेवून मी रोज संध्याकाळी नूरलांड बेटावरून फेरीबोटीने यायचे. नवरा, ओद्वार, लोफोटनला मासेमारीवर. पेटीतल्या काळोखात बसून मी इतरांची वाक्यं फुंकत असे, तिथे कुणीतरी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागत होतं.

आम्ही खूण ठरवली. बाईंनी गळ्याजवळच्या चांदीच्या ब्रोचला अंगठा लावला की मी शब्द द्यायचा. त्यांचा आवाज मोठा, माझा बारीक. ओठ न हलवता कसं बोलायचं ते मला येत होतं. पण बिर्केलुंड रोज सकाळी वही बघायचे. काल तिसऱ्या अंकात बाई इतक्या थांबल्या आणि वहीत काहीच कसं नाही, असं त्यांनी एकदा विचारलं. मी वही परत घेतली आणि त्यांच्यासमोरच पेन्सिल टेकवली. रेघ ओढली. मग दुसरी. "विराम आहे तो," मी म्हटलं. "मार्क करायचा राहिला होता."

त्यानंतर मी फुलीच्या प्रत्येक जागी रेघ मारत गेले. सगळ्यात अवघड जागा तिसऱ्या अंकाच्या शेवटी होती. विधवा मुलाला सांगते, त्या रात्री दिव्याला काही झालं नव्हतं, तो मीच विझवला. बापाची होडी खडकावर आपटली ती त्यामुळे. अख्खं नाटक त्या एका वाक्यावर उभं, आणि बाईंना ते वाक्य कधी, एकदाही, आठवलं नाही. मी त्याच्यापुढे तीन रेघा मारल्या. जाड.

पेपरात छापून आलं: ब्रेम्स्नेसबाईंचे विराम पूर्वी कधी नव्हते इतके खोल झाले आहेत. बिर्केलुंडनी ते कात्रण नोटीसबोर्डावर लावलं. मालेनाकाकू नाटक बघून आल्या आणि म्हणाल्या, "ती बया गप्प बसली ना गं, तर मला माझी सगळी पापं आठवली. तिकिटाचे पैसे घेऊन वर पापं आठवायला लावतात." बाई कात्रणाजवळून जाताना मान वळवायच्या. मी पण.

अकरा प्रयोग झाले. बाई रोज थोड्या थोड्या कमी होत गेल्या. एकदा खोलीकडे जाताना जिना सोडून रंगाचे डबे ठेवायच्या कोठडीत शिरल्या. मी हात धरून बाहेर आणलं, तर म्हणाल्या, अंधार फार झालाय इथे. तरी रोज त्यांच्या डोक्यात एकच: आणखी सहा, आणखी चार. मीसुद्धा बोटीत बसून तेच मोजायचे.

सोहळ्याच्या आदल्या गुरुवारी दुपारपासून नैर्ऋत्येचा वारा सुटला. चार वाजता एस्किल झोपेतून उठला तो वेगळाच खोकत. कुत्रं भुंकावं तसा खोकला, आणि श्वास आत घेताना गळ्यात करवत चालल्यासारखा आवाज. मालेनाकाकूंनी किटली उकळत ठेवली. मी त्याला लोकरीत गुंडाळून पायरीवर थंड हवेत घेऊन बसले, आमच्याकडे असंच करतात. त्याने माझा झगा मुठीत घट्ट धरला होता आणि त्याचे ओठ निळसर दिसत होते. धक्क्यावरून निरोप आला, फेरीबोट बंद. डॉक्टर पलीकडे, नाट्यगृह पलीकडे. बोट चालू असती तर मी गेले असते का, हे मला आजही कुणी विचारू नये.

मी काकूंच्या हातात पोर दिलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पळाले. फोन तिथेच होता. पलीकडून कास्पर नोरहाइमने उचलला. तिकीट खिडकीवर बसणारा सज्जन, नेटका माणूस. चर्चमध्ये प्रार्थनेची पुस्तकं सरळ रेषेत लावणारा. मी म्हटलं, पोर आजारी आहे, येऊ शकत नाही, तुम्हीच बसा पेटीत. तो म्हणाला बसतो, वही कुठे आहे तेवढं सांगा.

तेव्हाच सांगायचं होतं. त्या रेघा खोट्या आहेत, ब्रोचकडे लक्ष ठेवा, अंगठा लागला की द्या शब्द. एवढंच. पण दुकानात मैद्यासाठी आलेल्या तीन बायका कान टवकारून उभ्या होत्या आणि फोनमध्ये, कास्परच्या मागे, बिर्केलुंड कुणाला तरी दिवे हलवायला सांगत होते. हे बोलले तर उद्या सकाळी गावभर होईल, दोन दिवस उरलेत, असं मनात आलं. आजचा प्रयोग निभेल. मी म्हटलं, "बाईंना सांभाळा."

"तुम्ही मुलाकडे बघा," कास्पर म्हणाला. "तुमच्या वहीबाहेर माझ्याकडून एक अक्षर जायचं नाही."

आणि गेलंच नाही. नंतर एलिंगने, म्हणजे मुलाचं काम करणाऱ्या नटाने, मला सगळं सांगितलं. पहिल्या अंकात बाई दोनदा थांबल्या आणि एलिंगने स्वतःच काहीबाही बोलून पुढे रेटलं. दुसऱ्या अंकात त्यांनी एक पानच गाळलं. तिसऱ्या अंकाच्या शेवटी त्या उभ्या राहिल्या आणि ब्रोचला अंगठा लावला. खाली कास्परने तीन रेघा पाहिल्या आणि त्याला तो हातमोजा आठवला. तो गप्प. बाईंनी पुन्हा अंगठा लावला. पुन्हा. प्रेक्षक श्वास रोखून बसलेले, त्यांना तेच बघायचं होतं. एलिंग म्हणाला, एक मिनिट गेलं असेल, मग दुसरं. अंगठा ब्रोचवर इतका दाबला की पिन उघडून बोटात घुसली आणि पांढऱ्या कॉलरवर ठिपका पडला. तेव्हासुद्धा लोकांना वाटलं, काय काम करते बाई.

मग त्या चालत पुढे आल्या, पेटीजवळ गुडघ्यावर बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पुढे काय गं, पोरी?"

आत पोरगी नव्हती. घाबरलेला कास्पर होता. त्याने दोन्ही हातांनी वही उचलून त्यांना त्या तीन रेघा दाखवल्या.

कुणीतरी हसलं, म्हणे. वाईट हसू नाही, घाबरून येतं तसं. बिर्केलुंडनी पडदा पाडला.

एस्किलचा श्वास पहाटे मोकळा झाला. शुक्रवारी सकाळी वारा पडला आणि पहिल्या बोटीने मी पलीकडे गेले. बिर्केलुंडच्या टेबलावर वही उघडी होती.

"यातल्या खऱ्या किती?" त्यांनी विचारलं.

मी दोन दाखवल्या.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. त्यांचं म्हणणं, पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी नाटक कापून लहान केलं असतं, वाक्यं टेबलक्लॉथवर लिहिली असती, शंभर उपाय असतात. तू तिला वाचवत नव्हतीस, एकटी पाडत होतीस. आता विधवेचं काम दुसरी नटी वही हातात धरून करील. सोहळा मात्र होईल. महापौर येणार, राजधानीतून तारा आल्या आहेत. बाई खुर्चीत बसतील आणि शेवटी उठून दोन वाक्यं आभाराची बोलतील. "दोन तरी जमतील ना?"

बाई उतरल्या होत्या ती खोली बंदरावर होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या, अंगठ्याला चिंधी बांधून. मी दारातच रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. रेघा, फोन, मैदा घ्यायला आलेल्या बायका.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "वही उघडी असायची, मी बघायचे रेघा. पेपरात छापून आलं तेव्हा दोन दिवस मलाही वाटलं, असतील बाई विरामच. मग मी कोणत्या तोंडाने तुला बोलू?" मग एकदम विचारलं, "पोर कसं आहे?"

मी म्हटलं, बरं आहे, सकाळी दूध प्यायला.

त्या बंदराकडे वळल्या. "माझी पोर सात महिन्यांची होती. आईकडे ठेवली होती, इथेच. आम्ही त्रोन्हाइमला प्रयोगावर. दुसऱ्या अंकानंतर तार हातात दिली त्यांनी. तिसरा अंक करायचा होता, केला." त्यांनी चिंधी नीट केली. "त्या दिवशी मी एक शब्द विसरले नाही. तू आली नाहीस ते चांगलं केलंस."

शनिवारी दिवसभर आम्ही ती दोन वाक्यं घोकली. मी इथूनच निघाले होते. तुम्ही मला परत बोलावलंत, मी आभारी आहे. एवढंच. जेवताना घोकली, केस विंचरताना घोकली. दुपारी त्यांना सलग पाच वेळा आली आणि त्या हसल्या, मीही हसले, आणि मला वाटलं, होईल.

संध्याकाळी नाट्यगृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. गॅलरीत मासळीच्या बायका काळे रुमाल बांधून बसल्या होत्या. त्यांतल्या काही बाईंच्या आईबरोबर कातळावर वाकलेल्या, आता ऐंशीला पोचलेल्या. नाटक झालं. पडदा पुन्हा वर गेला. खुर्चीत काळ्या पोशाखात बाई, गळ्यात पानांचा हार. तारा वाचल्या, महापौर लांबलचक बोलले. मी पेटीत वही उघडून बसले होते. पानावर फक्त दोन वाक्यं.

बाई उठल्या. एक पाऊल पुढे आल्या. थांबल्या.

सगळं नाट्यगृह ओळखीच्या त्या शांततेत आनंदाने बुडून गेलं. बाईंचा हात गळ्याकडे गेला. ब्रोच नव्हता, हार होता. बोटं पानांमध्ये शोधत राहिली. मी शब्द दिला. "मी इथूनच." त्यांचे डोळे माझ्यावर आले आणि माझ्यातून पलीकडे गेले. मी पुन्हा दिला, मोठ्याने. मागे पहिल्या रांगेत कुणाची तरी खुर्ची करकरली. मी तिसऱ्यांदा दिला, आता कुजबूज नव्हती ती, मी जवळजवळ हाक मारत होते. नियम, हातमोजा, कसलीच पर्वा नव्हती.

त्यांनी तो उचलला नाही. चेहरा वर केला. हात हळूहळू वर गेला, पंजा उघडा. गॅलरीतल्या म्हाताऱ्या बायकांनीही, एलिंगने नंतर सांगितलं, नकळत माना वर केल्या.

"पाऊस येतोय," बाई म्हणाल्या. आवाज कातळाच्या टोकापर्यंत जाईल असा. "झाका गं, झाका!"

आणि छत कोसळावं तशा टाळ्या. मागे गॅलरीतल्या बायका रडत होत्या, हसत होत्या, पाय आपटत होत्या. महापौरांनी रुमाल काढला. बिर्केलुंडसुद्धा विंगेत डोळे पुसत होते. चाळीस वर्षांनी आपल्या गावाला याहून चांगले आभार कोण मानेल, असं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं.

टाळ्या चालू असताना बाई वाकल्या. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं. डोळ्यांत इतकी धास्ती मी कुणाच्या पाहिली नाही, एस्किलच्यासुद्धा नाही.

"टोपणं कुठायत?" त्यांनी विचारलं. "सगळं भिजेल. आई मारेल मला."

वहीत याला उत्तर नव्हतं. मी पेटीतून हात वर काढला आणि त्यांचा अंगठा धरला, चिंधीसकट.

"ठेवलीत, बाई," मी म्हटलं. "सगळं झाकलंय."

त्यांनी मान डोलावली आणि त्या सरळ उभ्या राहिल्या, पण नजर छताकडेच होती. पडदा येईपर्यंत त्या तशाच थांबल्या.